डाव्या बॉक्समधलं तेल

जूचंद्र,
६ नोव्हेंबर २०२४

चि. खुशीस,
अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र बघून हसू नकोस. फोनवर बोलायला गेलो की तुझी आजी शेजारी येऊन बसते आणि भाजी निवडायचं नाटक करत सगळं ऐकते. पत्र तिला वाचता येत नाही. म्हणून हा जुना मार्ग.

दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, माझ्या हळदीला धवले आजीनेच गायचे. मी लगेच हो म्हणून बसलो. लग्नघरी मामाने नाही म्हणायचं नसतं. पण भाऊबीजेला मी माझे जुने दोन लाकडी बॉक्स माळ्यावरून काढले, ओटीवर लावले आणि आईच्या हातात माइक दिला. म्हटलं, तयारी तरी होईल. खुशी, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. सूर होता, पण शब्द एकमेकांत चिकटलेले. बाहेर उभ्या असलेल्या तुझ्या रचनामामीला कोणता धवला चाललाय तेच कळेना. आईने स्वतःचा आवाज ऐकला, दोन ओळींत थांबली आणि माइक ठेवून दिला. म्हणाली, "माजा आवाज गेला. पोरीला सांग, दुसरी धवलारीन बग."

तुला माहीतच आहे, आपल्यात भटजीच्या आधी धवले गाणाऱ्या धवलारणीचा मान. ती देवांना बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते आणि मगच हळद लागते. हे काम गोधडीखालच्या आवाजात करून चालत नाही. तुझी आई, आमची यमुताई, गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं झाली, आईने कुठेच गायलेलं नाही. आवाज बसून बसून गंजला असेल. चिंचोटीकडे एक चांगली बाई आहे असं कळलंय. तू हो म्हणालीस तर विचारून येतो.

आमच्या जावयाला, चिरागला आशीर्वाद सांग.

तुझा,
हरेश्वरमामा


बेंगळुरू,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,
सा. नमस्कार.

पत्रात तुला 'तुम्ही' म्हणावं असं शाळेत शिकवलंय. तीनदा लिहून खोडलं. तू 'तू'च राहा.

चिंचोटीची बाई नको. मेनू तू ठरव, मांडवाचा रंग मामीला ठरवू दे, रात्री डीजे वाजवा नाहीतर बेंजो वाजवा, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण धवले आजीचेच. आईच्या हळदीला आजीच गायली होती. स्वतःच्या मुलीच्या हळदीला आईने गायचं नसतं असं लोक म्हणाले, तरी गायली. आईने मला ही गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की मला वाटतं मी तिथे होतेच.

आता कामाचं. मी इथे दिवसभर स्पीकरचे आवाज मोजायचंच काम करते, तेव्हा माझं थोडं ऐक. आजीला तू बॉक्समधून ऐकलंस. बॉक्सशिवाय ऐकलंस का?

तुझ्या त्या बॉक्समध्ये वरचे सूर काढणारे जे छोटे ट्वीटर आहेत, त्यांच्या कॉइलभोवती, लोहचुंबकाच्या बारीक फटीत, एक काळं तेल असतं. फेरोफ्लुइड. तेलात लोखंडाची इतकी बारीक पूड असते की लोहचुंबक ते तेल धरून ठेवतो, गळू देत नाही. ते कॉइलची उष्णता बाहेर नेतं आणि तिला नको तिथे थरथरू देत नाही. पण वर्षानुवर्षं पत्र्याखाली तापलं की ते आटतं, चिकट होतं. मग कॉइल चिखलात पाय रुतल्यासारखी हलते आणि वरचे सूर मरतात. स, च, श ऐकू येईनासे होतात. शब्द चिकटतात ते त्यामुळे. हे एका दिवसात होत नाही, त्यामुळे कोणाला पत्ताच लागत नाही.

तुझ्या ओळखीचं कुठलंही गाणं लाव आणि दोन्ही बॉक्सच्या बरोबर मध्ये बस. गाणारा एका बाजूला सरकल्यासारखा वाटला, तर दुसऱ्या बाजूचा ट्वीटर जास्त मेलाय असं समज. आणि ते करायच्या आधी आजीला स्वयंपाकघरात ऐक.

तुझी,
खुशी


जूचंद्र,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. खुशीस,
आशीर्वाद.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्या घरावर कोरून ठेवायला हवी. तुझं पत्र आलं त्याच दिवशी आईचं दारात मासेवालीशी वाजलं. बोंबील शिळे होते. मी आतल्या खोलीत पंखा लावून बसलो होतो. खुशी, एकेक अक्षर कानावर आलं! च, स, श तर आलेच, आणि तिने मासेवालीच्या सासरला जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही.

मी आयुष्यभर साउंडचा धंदा केला, हळदी-साखरपुडे वाजवले, आणि स्वतःच्या आईला बॉक्सशिवाय ऐकायचं सुचलं नाही. ती गायला बसली की मी आधी वायर लावणार. आम्हा साउंडवाल्यांना जे बॉक्समधून येतं तेच खरं वाटतं. लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. इथे अंगणच वाकडं होतं आणि आम्ही नाचणारीला नावं ठेवली.

मधे बसून गाणं ऐकलं. गाणारा उजवीकडे सरकला. म्हणजे डावा जास्त बिघडलेला. डावा ट्वीटर उघडला तर आत काकवी. टाचणी घातली तर तार निघाली. तरुणपणी मी वालीवला एका स्पीकरच्या कारखान्यात होतो. तिथे बायका सिरिंजने हे तेल भरायच्या. तेव्हा ते पाण्यासारखं पातळ होतं, मला चांगलं आठवतं. बॉक्स इतकी वर्षं माळ्यावर पत्र्याला टेकून होते, त्याचा हा प्रसाद.

दोन्ही साफ केले. जाड कागदाच्या पट्ट्या फटीत फिरवून सगळं काळं काढलं आणि कोरडेच बंद केले. धंद्यात सगळे तसंच करतात. तेल गेलं की आवाज मोकळा होतो असं म्हणतात.

मोकळा झाला, पण नको तितका. आईने सूर लावला आणि रचनाने कान झाकले. पितळेचं ताट चुलीच्या राखेने घासावं तसा आवाज. आई म्हणाली, "बगितलंस? मगाशी गोधरी, आथा भांडी. आवाज माजाच गेला." मी म्हटलं, बॉक्सची चूक आहे. ती म्हणाली, "तुजा बॉक्स कवा चुकला?" हे मात्र खरं. मी गावभर तेच सांगत फिरलोय.

काय करू, लिही.

मामा


बेंगळुरू,
४ डिसेंबर २०२४

ती. मामा,

कोरडे बंद केलेस? अरे देवा. मामा, गाडीचा आवाज मोकळा यावा म्हणून कोणी ब्रेक काढून टाकतं का?

ट्वीटरला त्याची अशी एक जागा असते, तिथला सूर लागला की तो स्वतःहून जास्त थरथरतो. तेल तिथे त्याला आवरतं. तू तेल काढलंस, आता आजीचा आवाज नेमक्या त्या जागेवर गेला की तो बोंबलतो. बॉक्समधलं बाकीचं सर्किट तेल आहे असं धरूनच बसवलेलं असतं. शिवाय कॉइल तापेल आणि तिची उष्णता न्यायला कोणी नाही. जोरात वाजवू नकोस, जळेल.

सोबत कुरियरने छोटी बाटली पाठवतेय. तुझ्या ट्वीटरला चालेल तेवढंच पातळ तेल आहे. जाड घातलंस तर पुन्हा गोधडी, आणि पातळ म्हणून शिलाई मशीनचं तेल घातलंस तर मी लग्नाला तुला हळद लावू देणार नाही. लोहचुंबक ते धरणार नाही, सगळं डायफ्रॅमच्या पडद्यावर चढेल. सिरिंजने सगळीकडून थोडं थोडं सोड. फट भरली की थांब. बाहेर फुगून आलं तर टिपकागदाने टिपून घे.

आजीला सांग, आवाज तिचाच आहे आणि जिथल्या तिथे आहे.

खुशी


जूचंद्र,
२० डिसेंबर २०२४

चि. खुशीस,
आशीर्वाद.

आधी कबुली देतो, मग चांगली बातमी. तुझी बाटली यायच्या आत नायगावला एक साखरपुडा होता. मोठे टॉप स्पीकर दुसरीकडे गेलेले, म्हणून हेच बॉक्स नेले. उजव्या ट्वीटरची कॉइल जळाली. वास आला तेव्हा मुलीकडच्यांना वाटलं मंचुरियन करपलं. मी तसंच वाटू दिलं.

मुंबईला जाऊन कॉइलसकट दोन नवे डायफ्रॅम आणले. तुझं तेल भरलं. फटीत तेल गेलं की ते आपोआप गोल फिरून जागा धरतं, हे बघायला मजा येते. मी रचनालाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आयुष्यात कधी साडी बघायला एवढ्या हौशीने नाही बोलावलंत."

मग बॉक्स लावले आणि आईला म्हटलं, फक्त एक कडवं. तिने गायलं. खुशी, काय सांगू? बॉक्स आहे हेच विसरायला झालं. श्वास घेतलेला कळत होता. हातातली बांगडी माइकच्या दांडीला लागली ती कळली. एक दात पडलाय तिथून हवा सुटते, तीसुद्धा कळली. म्हातारपण होतं त्या आवाजात, ते कशाला लपवू? पण शब्द न शब्द मण्यासारखा सुटा. रचना डोळे पुसत आत गेली. मीही वायर गुंडाळायच्या निमित्ताने वाकलो.

आता वाईट बातमी. आई तरीही नाही म्हणते. मी म्हटलं, आता काय झालं? म्हणे खोकला. खोकला मी ऐकलेला नाही. डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला घसा ठणठणीत आहे. मग म्हणे गुडघे. गाणं गुडघ्याने गातात का? फार धरलं तेव्हा उठून गायीला पाणी दाखवायला गेली. गाय आपण चार वर्षांपूर्वी विकली.

मला वाटतं ती तुझ्यावर रागावलीय. तू आणि चिरागने कोर्टात लग्नाची नोंदणी आधीच करून घेतलीत, ते तिला आवडलं नसेल. जुनं माणूस. तिच्या मनात असेल, सरकारने लावलं ना लग्न, मग धवले सरकारकडूनच म्हणवून घ्या. मी खूप समजावलं. आता तूच काय ते बघ.

मामा


बेंगळुरू,
२ जानेवारी २०२५

ती. मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडले, हेही लिहून टाकते.

कोर्टात नोंदणी केली ती चिरागच्या व्हिसासाठी. आजीला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, ती हसून म्हणाली होती की सरकारला तरी कळू दे. तरीही राग असेल तर मी येते, पाय धरते, ती म्हणेल ते करते. तारीख पुढे न्यायची असेल तर तेही करू.

मामा, मला आई नाही. हे मी कोणाला म्हणून दाखवत नाही, कारण म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि मग मलाच त्याची समजूत घालावी लागते. मला वाटलं होतं, देवांना बोलावून झालं की आजी घरातल्या गेलेल्यांना बोलावेल, त्यात आईचं नाव घेईल. आजीने बोलावलं तर आई येईल. मी लॅबमध्ये काम करणारी मुलगी, माझा यावर विश्वास नाही. पण मी तेवढंच धरून बसलेय. दुसऱ्या बाईने ते नाव घेतलं तर ते मला यादी वाचल्यासारखं वाटेल.

बॉक्स नीट झाला, आता माणसाचं काय करू ते मला कळत नाही.

खुशी


जूचंद्र,
१२ जानेवारी २०२५

चि. खुशीस,

मी तुझी रचनामामी. हे पत्र सासूबाई सांगताहेत, मी लिहितेय. त्या बोलतात तसंच लिहिते. यांना सांगू नकोस. हे पत्र यांनी वाचलं तर मला जेवायला मिळेल, पण बोलणी आधी मिळतील.

"खुशी पोरी, मी आजी बोलतंय. तुज्या मामाला वाटतं मना वाचता येत नाय म्हनून मना कळत नाय. त्यो कामावर गेला की रचना मना सगली पत्रां वाचून दावते. पयल्यापासून. ते काल्या तेलाचं पन मना कळलं. दोनदा वाचून घेतलं.

मी तुज्यावर रागावली नाय. कोर्टात लगीन लावलंस, बरं केलंस. तुजा मामा हुशार हाय, पन त्याला बाईमानसाचं कवाच कळलं नाय.

माजा आवाज गेला नव्हता. मना म्हाईत होता. भाऊबीजेला त्यो खोका तसा बोलला ना, तवा मना बरं वाटलं. म्हटलं, देवानं वाट दावली. आवाज गेला म्हनलं की कोनी काय विचारत नाय. मग तू तेल धारलंस आनि खोका नीट जाला. मग मी खोकला कारला, गुरघं कारलं.

पोरी, यमूचं नाव मी बारशाला घेतलं. तिच्या हलदीला घेतलं, लोकं बोलली तरी घेतलं. तुज्या बारशाला यमूची पोर म्हनून घेतलं. आथा त्याच तोंडानं गेलेल्यांत घेऊ? सासरा गेला, त्याचं नाव घेतलं. मालक गेलं, त्यांचं घेतलं. ती मोठी मानसं, त्यांची येल जाली होती. माज्या मागून आलेली पोर माज्या पुढं गेली. दोन वर्सां जाली, मी घरात तिचं नाव घेतलं नाय. कोनाच्या ध्यानात पन आलं नाय. एकदा मांडवात पितरांत नाव घेतलं की ती पितर जाली. मग मना ती परत मिलायची नाय.

तुजं पत्र ऐकलं. मना आई नाय, असं तू लिवलंस. त्या दिवशी मी जेवली नाय. तू पन खरं बोलतंस, मी पन खरं बोलतंय. काय कराचा, तू सांग."

खुशी, इतकंच. सांगून झाल्यावर त्या उठल्या. मला त्यांनी चहा करू दिला नाही, स्वतः केला.

तुझी मामी


बेंगळुरू,
२० जानेवारी २०२५

ती. आजी,
सा. नमस्कार.

मामी, हे तिला हळू वाचून दाखव.

आजी, तू गाऊ नकोस. मला कळलं नव्हतं. मी माझ्या आईचा विचार केला, तुझ्या मुलीचा केला नाही. ती दोन्ही एकच बाई होती, हे मला सुचलं नाही.

तू हळदीला फक्त माझ्याजवळ बस. चिंचोटीच्या बाईला बोलवा, ती देवांना बोलावू दे. गेलेल्यांची नावं तिला सांगताना आईचं सांगू नका. तिला तुझ्याचकडे राहू दे. मी रागावले नाही आणि मनात ठेवूनही बोलत नाही.

पण घरात तिचं नाव घे गं. माझ्याशी फोनवर घे. भांडताना घे, ती किती हट्टी होती ते सांग. माझ्याजवळही ते नाव घ्यायला कोणी नाही.

मामाला काहीच सांगू नका. त्याला वाटू दे की कोर्टाचाच राग होता.

तुझी,
खुशी


जूचंद्र,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. खुशीस,
अनेक आशीर्वाद.

बेंगळुरूला सुखरूप पोचलात हे चिरागच्या मेसेजवरून कळलं. मांडव उतरला, भांडी परत गेली, आणि अंगणातली हळद अजून पायाला लागते.

निघताना तू विचारलंस, धवल्यात मधे आवाज का थांबला होता. गाडी सुटत होती, नीट सांगता आलं नाही. तुझे डोळे मिटलेले होते, तुला दिसलं नसणार. म्हणून लिहितो.

तुझं पत्र आणि आईच्या पत्राचा कच्चा खर्डा मला रचनाने हळदीच्या आदल्या दिवशी दाखवला. तिला राहवलं नाही. मला बाईमाणसाचं कळत नाही हे वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. चिंचोटीची बाई ठरलेली होती, पाटावर येऊन बसलीही होती. मी बॉक्स लावून मिक्सरपाशी उभा. तेवढ्यात आई आतून आली. नवी साडी. कोणाला काही न विचारता त्या बाईच्या हातातला माइक घेतला. ती बाई शहाणी, सरकून बसली आणि मागून साथ धरली.

देवांना बोलावलं. गावदेवी झाली, कुळाचे देव झाले. मग गेलेली माणसं. खापरपणजोबांपासून सुरू केलं. तुझ्या आजोबांचं नाव आलं, त्यालाही आवाज हलला नाही. आणि मग ती थांबली. मांडवात सगळे माझ्याकडे बघायला लागले, त्यांना वाटलं माइक गेला. मी खाली बघितलं, मिक्सरचे सगळे दिवे चालू होते. आई तुझ्याकडे बघत होती. साथ करणारी बाई तोच सूर धरून थांबली होती, तिचे फार उपकार.

बाकीच्यांना आई "या, मांडवात या" म्हणून बोलावत होती. ताईला तसं नाही बोलावलं. शाळेच्या दिवसांत सकाळी ताई उठायची नाही, तेव्हा आई पायाशी उभी राहून हाक मारायची ना, तशी मारली. सुरातच मारली.

"यमू, ऊठ गो. पोरीला हलद लाव."

अशी ओळ कुठल्या धवल्यात नाही. पुढे बसलेल्या सगळ्या बायकांनी ती तशीच म्हटली.

आईचा आवाज तिथे पार फुटला होता. फुटलेला आवाज मोठा करून गावाला ऐकवायचा नसतो, साउंडवाला अशा वेळी हलकेच खाली आणतो. माझं बोट बटणावर गेलंही होतं. नाही आणला, खुशी. ताईला ऐकू जायला हवं होतं.

तुझा,
हरेश्वरमामा